अपडेट रात्री मध्येच का अडकतं?

प्रश्न : पिंपळगाव बसवंत, निफाड आणि दिंडोरीच्या शीतगृहांत तापमानाची नोंद ठेवणारे, डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारे छोटे संगणक मी सातपूरला बसून सांभाळतो. रात्री स्क्रिप्ट अपडेट लावते. स्क्रिप्टमध्ये ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ लिहूनही एखादा संगणक सेटिंगची नवी फाइल घ्यायची का, ‘वाय की एन’, असं विचारत थांबून राहतो. सगळीकडे आपोआप ‘एन’ द्यावं का?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’मुळे डेबकॉन्फचे, म्हणजे पॅकेज बसवताना सेटिंग विचारणाऱ्या साधनाचे, प्रश्न बंद होतात. तुम्हाला अडवणारा प्रश्न डीपीकेजीचा, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आहे आणि तो त्या ओळीला जुमानत नाही. डीपीकेजी तीन गोष्टी ताडून पाहतं : मागच्या पॅकेजबरोबर आलेली सेटिंगची फाइल, डिस्कवरची आत्ताची फाइल आणि नव्या पॅकेजातली. फक्त तुम्ही बदल केला असेल तर तुमची फाइल राहते, फक्त पॅकेजात बदल असेल तर नवी बसते. दोन्हीकडे बदल असला की मगच विचारणा होते. म्हणजे जो संगणक अडतो, त्यावर कुणीतरी हाताने फाइल बदललेली आहे. आधी ती शोधा.

अपडेट आणून डीपीकेजीकडे देणाऱ्या ॲप्टच्या सेटिंगमध्ये डीपीकेजीसाठी ‘फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ हे दोन्ही पर्याय लिहून ठेवा. पहिला पर्याय जिथे ठरलेलं उत्तर असेल तिथे ते देतो, नसेल तिथे दुसरा तुमची फाइल राखतो. नवी फाइल बसवणारा ‘फोर्स-कॉन्फन्यू’ मात्र मुळीच नको. फेब्रुवारीत शीतगृह द्राक्षांनी भरलेलं असताना तुमच्या सेटिंगच्या जागी पॅकेजची मूळ फाइल येऊन अलार्म गप्प झाला, तर शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत जाते.

पण जुनी फाइल राखली की काम संपलं, असं धरू नका. नवी फाइल शेजारीच ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लावून पडून राहते. प्रोग्रॅम नवा आणि सेटिंग जुनं, त्यात एखादा पर्याय नव्या आवृत्तीतून काढून टाकलेला असला तर सेवा सुरूच होत नाही. म्हणून अपडेटनंतर ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरमधल्या अशा फाइलींची यादी स्क्रिप्टनेच तुम्हाला मेलवर पाठवावी, आणि ती तुम्ही खरोखर वाचावी.

दुरून संगणकात शिरण्यासाठीच्या एसएसएचचं वेगळं आहे. सर्व्हरची मुख्य फाइल डेबियनमध्ये यूसीएफ हे वेगळं साधन सांभाळतं, डीपीकेजीचे पर्याय तिथे लागू होत नाहीत. त्यासाठी ‘UCF_FORCE_CONFFOLD’ (यात एफ दोनदा) हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल द्यावं लागतं. (सुडो अशी व्हेरिएबल्स सहसा गाळून टाकतो, ती त्याच आदेशात ‘सुडो’ या शब्दानंतर द्या.)

माझं ठाम मत असं, की मुख्य फाइलीला हातच लावू नये. ओपनएसएसएच 8.2 पासून, म्हणजे 2020 पासून, फाइलीत दुसऱ्या फाइली ओढून घेता येतात. तुमचे बदल ‘एसएसएचडी-कॉन्फिग-डी’ फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा. एसएसएचडीत आधी वाचलेली किंमत टिकते आणि डेबियनच्या फाइलीत तो फोल्डर वरच जोडलेला असतो, त्यामुळे तुमचंच चालतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ‘कॉन्फ-डी’ फोल्डरमध्येही तुमच्या वेगळ्या फाइली ठेवता येतात. रीस्टार्टआधी ‘एसएसएचडी -टी’ने तपासणी करा, एसएसएच बंद पडलं तर निफाडला जावंच लागेल. ‘ईटीकीपर’ बसवलात तर ‘ईटीसी’तले बदल गिटमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, नोंदले जातात.

हे सगळं आधी सातपूरच्या तुमच्या टेबलावरच्या संगणकावर लावून पाहा, मग दिंडोरीच्या एका, मग बाकीच्यांवर.