सहा फुटी समुद्र घरी करायचाय? मग होडीला हात लावू नका

तुमचा प्रश्न असा आहे की सोफ्यामागच्या मोठ्या रिकाम्या भिंतीसाठी समुद्राचं मोठं चित्र घरीच कमी खर्चात कसं करायचं, चित्रकला फारशी येत नाही आणि भिंतीला खिळे ठोकायला परवानगी नाही. खिळ्यांचं शेवटी सांगते. आधी बाकीचं, कारण मी हे केलंय, सहा फूट बाय चार फूट, आणि त्यावरून माझ्या सख्ख्या मामाशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

पहिलं म्हणजे मोठ्या मापाचा तयार कॅनव्हास घेऊ नका. माप वाढलं की सगळा खर्च त्यातच जातो. जाड विणीचा मांजरपाट आणा नाहीतर जुनी चादर घ्या, फक्त ती शंभर टक्के सुती हवी. पॉलिएस्टर मिक्स कापड ओलं झालं तरी आकसत नाही, त्यामुळे प्रायमर लावल्यावर ताठ होत नाही, लोंबतच राहतं. कापड आधी गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढा, वाळवा, इस्त्री करा. मी धुतलं नव्हतं. तसंच कोरं कापड चौकटीवर ताणलं, वर प्रायमरचा पहिला हात दिला आणि सकाळी बघते तर कापड एवढं आकसलेलं की सहा फुटी पट्ट्या मधोमध आत ओढल्या गेल्या होत्या, चौकट कंबर आवळल्यासारखी दिसत होती. मी रडकुंडीला आले आणि मामाला बोलावलं.

मामा आयुष्यभर दुकानांचे बोर्ड रंगवायचा, हाताने, ब्रशने. लाकूड, कापड, पत्रा, सगळ्याची त्याला नस माहीत. त्याने एक मिनिट बघितलं आणि म्हणाला, "अगं, चार फुटांच्या पुढे गेलं की मध्ये आडवण लागते, नाहीतर कापड पट्टीला खाणारच." मग त्यानेच मधोमध एक उभी पट्टी बसवली, कोपऱ्यांना मागून प्लायचे तिकोनी तुकडे मारले, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का ते बघितलं (कर्ण सारखे तरच चौकट काटकोनात), आणि पट्ट्यांची पुढची आतली कड रंध्याने उतरती केली. ही कड मला माहीतच नव्हती. ती तशीच राहिली तर ब्रश दाबला की कापड पट्टीला टेकतं आणि चित्रात चारी बाजूंनी एक रेघ उमटते जी नंतर जात नाही. स्टेपल मारताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात, समोरासमोर एकेक, कोपरे सगळ्यात शेवटी. हे सगळं मामाचं आहे आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, कारण पुढे मी त्याच्याविरुद्ध लिहिणार आहे.

प्रायमरसाठी जेसो, म्हणजे कॅनव्हासला लावायचा तयार पांढरा प्रायमर, मिळाला तर उत्तमच, नाहीतर पांढरं मॅट इमल्शन आणि त्यात सुतारकामाचा पांढरा गोंद थोडा, दोन-तीन हात, मध्ये हलका पॉलिशपेपर. प्रायमर न लावता रंग दिला तर कापड तो पिऊन टाकतं आणि वाळल्यावर सगळं मळकट दिसतं. ऑइल कलर तर कोऱ्या सुती कापडावर लावूच नका, जवसाचं तेल काही वर्षांत धागा कुजवतं.

रंगांवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात, आणि चुकीच्या जागी. सहा फुटांचं चित्र छोट्या ट्यूबांनी भरायचं नसतं. मोठे पट्टे घरातल्या उरलेल्या भिंतीच्या इमल्शनने करा, ॲक्रिलिकच्या ट्यूब किंवा स्टेनर (भिंतीच्या रंगात छटेसाठी मिसळायचा दाट पातळ रंग) फक्त छटा बदलायला. मला चार रंग पुरले, पांढरा, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना म्हणजे तो विटकरी तपकिरी, आणि पिवळी गेरू म्हणजे यलो ऑकर. बस. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना थेंब थेंब घालत गेलात की एक असा जिवंत राखाडी मिळतो जो काळ्या रंगाने कधीच मिळत नाही, आणि निळ्यात पिवळी गेरू घातली की किनाऱ्याजवळचं हिरवट गढूळ पाणी तयार. ट्यूबमधला निळा जसाच्या तसा भिंतभर फासला तर तो स्विमिंग पूल होतो, समुद्र होत नाही. समुद्र बहुतेक वेळा निळा नसतोच हो. वर आकाश असेल तसा तो असतो, आणि किनाऱ्याला खालची वाळू त्यात मिसळलेली असते.

सगळ्या छटा आधीच भरपूर कालवून झाकणाच्या डब्यांत ठेवा, कारण अर्ध्यात संपली तर तीच छटा परत जमत नाही. इमल्शन आणि ॲक्रिलिक दोन्ही वाळल्यावर गडद होतात, ओल्यात त्यातला दुधाळ बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, रंग फिका दाखवतो आणि वाळून पारदर्शक झाला की खरा रंग दिसतो. म्हणून मांजरपाटाच्या तुकड्यावर प्रत्येक छटेचा एक फटकारा मारून हेअर ड्रायरने वाळवून मगच ठरवा.

आता चित्रकला येत नाही म्हणालात त्याबद्दल. समुद्राचं मोठं चित्र म्हणजे आडवे पट्टे. वरून खाली या, आकाश वर थोडं गडद आणि क्षितिजाजवळ सगळ्यात फिकं, क्षितिजाला पाण्याची एकदम गडद रेघ, मग पाणी हळूहळू फिकं आणि हिरवट, मग फेस, मग ओली वाळू जिच्यात आकाशाचा रंग उतरलेला असतो, मग कोरडी वाळू. क्षितिजाजवळचं पाणी आकाशापेक्षा गडद का, तर लाटांचे उतार आपल्याकडे कललेले असतात, त्यांच्यात क्षितिजावरचं फिकं आकाश दिसत नाही, त्याच्या बरंच वरचं गडद आकाश दिसतं. हे एक कळलं की अर्धं चित्र झालं. दुसरं म्हणजे लाटांच्या रेघा क्षितिजाजवळ अगदी खेटून आणि तुमच्याकडे येताना लांब लांब. सारख्या अंतरावर काढल्यात तर चटईचे पट्टे दिसतील. आणि फेस कोरा पांढरा नको, त्याची सावलीची बाजू निळसर राखाडी करा, शुद्ध पांढरा फक्त जिथे उजेड पडतो त्या काठाला.

क्षितिज मात्र सुतासारखं सरळ पाहिजे, एक बोट कललं तरी समुद्र सांडतोय असं वाटतं. मामाने खडू लावलेला दोरा दोन टोकांना ताणून मध्ये धरून सोडला, एका झटक्यात सहा फुटांची रेघ. मग मास्किंग टेप. टेपच्या काठावर आधी टेपखाली असलेलाच रंग पातळसा फिरवा म्हणजे फट बंद होते आणि नंतरचा रंग आत झिरपत नाही. पट्टे एकमेकांत मिसळताना पाण्याचा फवारा जवळ ठेवा, ॲक्रिलिक फार भराभर वाळतं. चार इंची भिंतीचा ब्रश वापरा, बारीक ब्रश खोलीबाहेर ठेवा, हातात आला की हात बारीक कामं करायला लागतो.

चार दिवसांत चित्र झालं. मी सोफ्यावर बसून बघत राहिले. नुसतं पाणी आणि आकाश, आणि त्या भिंतीपाशी उभं राहिलं की खरंच काठावर आल्यासारखं वाटत होतं. त्या संध्याकाळी मामा आला, बघितलं आणि म्हणाला, "छान झालंय, पण अर्धवट का सोडलंस?" मी म्हटलं, झालंय पूर्ण. तर म्हणाला, "अगं यात काहीच नाहीये. माणसाची नजर कुठे टेकणार? एक होडी तरी घाल."

मी नाही म्हटलं. मग घरातले सगळे त्याच्या बाजूने. आठवडाभर जो येईल तो तेच, होडी घाल, निदान दोन पक्षी घाल, एक नारळाचं झाड घाल कोपऱ्यात. शेवटी मी थकले आणि म्हटलं, घाल मामा तूच. त्याने अर्ध्या तासात होडी काढली, हातभर लांब, शीड फुगलेलं, खाली प्रतिबिंब, आणि खोटं कशाला बोलू, होडी सुंदर होती. त्याचा हात आहेच तसा. पण ती आली आणि माझा समुद्र गेला. सहा फुटांचं पाणी एका क्षणात कॅलेंडरवरच्या चित्राएवढं झालं. लोक यायचे, "वा, होडी मस्त" म्हणायचे आणि वळून बसायचे. आधी लोक चित्रासमोर थांबायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

का झालं असं याचा मी फार विचार केलाय. छोट्या चित्रात होडी लागते कारण समुद्र किती मोठा ते कशाने तरी दाखवायचं असतं. मोठ्या चित्रात ते माप म्हणजे समोर उभा असलेला माणूसच. त्याचं स्वतःचं अंग चित्राएवढं आहे, तो पाण्याच्या काठाला उभा आहे. तुम्ही हातभर होडी घातलीत की तो मनात म्हणतो की होडी एवढी तर समुद्र एवढाच, आणि तो बाहेर येऊन लांबून बघायला लागतो. जागाच बदलते त्याची.

मामाने मला जपानी चित्रकार होकुसाईची ती मोठी लाट दाखवली, जी सगळीकडे छापलेली असते, "हे बघ, यात तीन होड्या आहेत." आहेतच. पण ते लाकडी ठशाचं चित्र मुळात साधारण 25 बाय 37 सेंटीमीटर आहे, 1831 च्या आसपासचं, हातात धरून बघायचं. तिथे त्या होड्यांनीच लाट राक्षसासारखी होते आणि मागचा फुजी डोंगर इवलासा. मी त्याला जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतोचे समुद्राचे फोटो दाखवले. या माणसाने 1980 पासून जगभरचे समुद्र एकाच पद्धतीने टिपलेत, अर्धं पाणी, अर्धं आकाश, क्षितिज बरोबर मध्यावर, ना होडी ना पक्षी. मोठ्या प्रिंटसमोर माणसं थांबतात. क्षितिज कधी मध्यावर घ्यायचं नाही हा जो नियम सगळे सांगतात तोसुद्धा तिथे मोडलाय आणि काही बिघडलेलं नाही. मामा म्हणाला तो फोटो आहे, चित्र नाही. मी म्हटलं भिंतीला काय फरक पडतो. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी होडी रंगवून टाकली. त्याला न विचारता. ती माझी चूक, निदान सांगायला हवं होतं. आणि दुसरी चूक म्हणजे घाईत तशीच वरून रंगवली. त्याने रंग जाड लावला होता, बोर्डाला लावतात तसा, आणि मी आधी पॉलिशपेपरने घासलं नाही. रंग झाकला गेला पण उंचवटा झाकला जात नाही. दिवसा काही कळत नाही, संध्याकाळी बाजूचा दिवा लावला की शिडाची कड पाण्यातून वर येते. मामा घरी आला की अजूनही त्याच जागेवर बोट ठेवतो, काही बोलत नाही.

असो, राहिलेलं सांगते. फेसाला उठाव म्हणून बरेच लोक वॉल पुट्टी लावायला सांगतात. ती ताणलेल्या कापडावर लावू नका, कापड हलतं, पुट्टी हलत नाही, तडे जाऊन गळते. उठाव हवाच असेल तर प्लायवर किंवा एमडीएफवर करा, पण ते कापडापेक्षा कितीतरी जड होतं आणि तुम्हाला तर खिळेच ठोकायचे नाहीत. पुट्टी घासताना नाकातोंडावर मास्क. खरी वाळू चिकटवायची हौस असेल तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन वाळवून मग, नाहीतर तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं.

ब्रशने चित्र काढायचंच नसेल तर सायनोटाइप बघा, म्हणजे उन्हाने कागदावर निळे ठसे उमटवायची पद्धत. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 साली काढलेली पद्धत, आणि वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने 1843 पासून समुद्री शेवाळाचे ठसे याच पद्धतीने केले. लोहाची दोन रसायनं कालवून कागदाला लावायची, सुकलं की वर सुकवलेलं शेवाळ ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं, निळ्यावर पांढरी आकृती उरते. एकेक कागद लहानच, पण बारा-पंधरा सारख्या अंतरावर लावले की भिंत भरते. गंमत म्हणजे तो निळा आणि होकुसाईच्या लाटेतला निळा एकच, प्रशियन ब्लू. हातमोजे घालून करा आणि स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका.

खिळ्यांचं. सोफ्यामागे कमी उंचीचं लांब कपाट किंवा फळी असेल तर चौकट त्यावर ठेवून भिंतीला टेकवा, खाली घसरू नये म्हणून रबराचे तुकडे. नाहीतर चौकटच करू नका, रंगवलेल्या कापडाला वर-खाली शिवण घालून त्यात हलकी काठी सरकवा, ते चिकटणाऱ्या हुकांवर राहतं, फक्त पाकिटावर वजन किती लिहिलंय ते बघा आणि त्याच्या निम्मंच टांगा. रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, आणि खालची कड सोफ्याच्या पाठीपासून एक वीतभर वर. भिंतीला ओल असेल तर मागे बोटभर फट ठेवा.

आणि हे नंतर सुचलंय, पण लिहिते, मामा पूर्ण चुकला असं नाही. तुमचं चित्र दोन-अडीच फुटांचंच होणार असेल तर त्याचं ऐका, तिथे होडी शोभेल. मोठ्यावरही घरच्यांचा हट्ट असेल तर लगेच रंगवू नका. कागदाची होडी कापा, मागे मास्किंग टेप लावा, चित्रावर चिकटवा आणि आठवडाभर येता-जाता बघा, लोक कुठे थांबतात ते बघा. नको वाटली तर काढून टाका, खाली काही राहत नाही.