सेंट पॅट्रिक डे : परदेशात वाढलेला सण

प्रश्न : आयर्लंडसारख्या लहान देशाचा सेंट पॅट्रिक डे १७ मार्चला जगभर साजरा होतो आणि अमेरिकेत त्याचा थाट सर्वांत मोठा असतो, असे का?

उत्तर : या सणाची मिरवणूक ही मुळात आयर्लंड सोडून गेलेल्या माणसांची निर्मिती आहे. पाचव्या शतकातला धर्मप्रसारक पॅट्रिक हाही जन्माने आयरिश नव्हता. रोमन अमलाखालच्या ब्रिटनमधून वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला लुटारूंनी पळवून आयर्लंडला नेले, सहा वर्षांच्या गुलामीनंतर तो निसटला आणि पुढे आपणहून त्याच बेटावर परतला. १७ मार्च हा त्याचा स्मृतिदिन आयर्लंडमध्ये मुख्यतः धार्मिक स्वरूपाचाच राहिला.

न्यूयॉर्कमध्ये मात्र १७६२ साली, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या चौदा वर्षे आधीच, मिरवणूक निघाली होती. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ ओढवला, त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळपास तितक्याच लोकांनी देश सोडला. अमेरिकेत हेटाळणी सोसणाऱ्या या निर्वासितांना वर्षातून एक दिवस रस्त्यावर उतरून आपले संख्याबळ दाखवणे गरजेचे वाटले, आणि मतांची गणिते मांडणाऱ्या पुढाऱ्यांना ते दिसले नसते तरच नवल.

आयर्लंडमध्ये १९०३ साली या दिवसाची सार्वजनिक सुटी सुरू झाली. १९२७ च्या कायद्याने तर त्या दिवशी दारूचे गुत्ते बंद ठेवले, आणि ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. आजच्या बिअरच्या पुराशी हे ताडून पाहावे! डब्लिनचा मोठा महोत्सव १९९६ पासूनचा आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात या सणाला नदी हिरवी रंगवतात; या प्रथेचे मूळ सणात नसून गटारात आहे. नदीत सांडपाणी कुठून मिसळते हे शोधण्यासाठी तेथील प्लंबर रंग वापरत. त्यावरून १९६२ साली सारी नदीच रंगवण्याची कल्पना निघाली. विशेष म्हणजे नदीत टाकायची पूड नारिंगी असते आणि पाण्यात मिसळल्यावरच ती हिरवी होते.

कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेराट बेटावरही १७ मार्चला सुटी असते, पण तेथील कारण वेगळे आहे. आयरिश मळेवाले सणात गुंतलेले असतील असे हेरून १७६८ साली आफ्रिकन गुलामांनी नेमक्या याच दिवशी उठावाचा बेत आखला होता. तो फुटला आणि त्यांच्या म्होरक्यांना फाशी झाली. त्या बेटावर आज पॅट्रिकबरोबर त्यांचेही स्मरण केले जाते.