कीबोर्ड बदलायच्या आधी टचपॅडकडे बघा

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप चार वर्षांचा आहे, महिन्याभरापासून स्पेस कधी लागते कधी नाही, बी आणि एन जोरात दाबावे लागतात, आणि दुकानदार म्हणतोय ‘कीबोर्ड गेला, बदला’. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, ‘टचपॅडही हल्ली नीट क्लिक होत नाही’. मला तर अख्ख्या प्रश्नात हेच वाक्य महत्त्वाचं वाटतं.

स्पेस, बी, एन ही खालच्या ओळींतली बटणं. त्यांच्या खाली टचपॅड, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या पोटाशी बॅटरी. ती फुगली की आधी टचपॅडला आतून टेकू लागतो आणि क्लिक व्हायला जागाच उरत नाही. मग खालच्या ओळीची बटणं जड होतात. लॅपटॉप बंद करून, मिटून काचेच्या टीपॉयवर ठेवा. डुगडुगतोय का? टॉर्च मारून कडेची फट बघा, मध्यभागी जास्त रुंद दिसते का? टचपॅडची एक बाजू बोटाला उंच लागते का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर चार्जर काढून ठेवा, लॅपटॉप बंद करा आणि जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. फुगा दाबून सपाट करायचा नाही, टाचणी तर अजिबात नाही. आतला वायू आणि लिथियम पेट घेऊ शकतात. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

मी हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण स्वतः तोंडघशी पडलोय. मेव्हण्याच्या लॅपटॉपची अशीच स्पेस अडकायची. मी हौसेने कीबोर्ड मागवला, रविवार घालवून बसवला, वाहवा मिळवली. तीन आठवड्यांनी स्पेस पुन्हा अडकली. तेव्हा खालचं झाकण नीट बघितलं, तर बॅटरीची उशी झालेली. जुना कीबोर्ड ठणठणीत होता.

आता समजा बॅटरी सपाटच निघाली. मग पहिला प्रश्न: दोष विंडोजचा की यंत्राचा? एका पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम) घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ निवडून चार ओळी टाइप करा. तिथेही अक्षरं गळली तर विंडोज निर्दोष. एवढा खटाटोप नको असेल तर यूएसबीचा साधा कीबोर्ड जोडा. तो नीट चालला तर संशय आतल्या कीबोर्डवर जातो, पण खात्री होत नाही, कारण दोघांचा ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा असू शकतो. दरम्यान पासवर्ड टाइप होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यात पडद्यावरचा कीबोर्ड मिळतो.

विंडोजच्या बाजूचे दोष बहुतेक फुकटात सुटतात. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तर फिल्टर कीज सुरू करायचं विचारतं. कोणी न वाचता ‘यस’ केलं की पटकन दाबलेली अक्षरं उमटतच नाहीत, आणि माणूस कीबोर्ड मेला म्हणून रडतो. घरात लहान मूल असेल तर हे आधी तपासा. यू, आय, ओ दाबल्यावर 4, 5, 6 येत असतील तर नम लॉक चालू राहिलंय, ते बंद करा. ॲट द रेटच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह येत असेल तर लेआउट, म्हणजे कोणत्या बटणावर कोणतं अक्षर ती मांडणी, ब्रिटिश झालाय, विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून बदला. मराठी टायपिंगसाठी दोन-तीन लेआउट टाकून ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अनुभव नवा नाही. यातलं काहीच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) कीबोर्ड अनइन्स्टॉल करून ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नको, फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर त्याने विंडोज पूर्ण बंद होत नाही.

यंत्राचा दोष असेल तर कोणती बटणं गेली त्याची यादी कागदावर काढा. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष जुळते. म्हणून एकच बटण रुसलं असेल तर त्याच्याखाली कचरा, किंवा रबराची वाटी फाटलेली. पण एकमेकांशी संबंध नसलेली पाच-सहा बटणं एकाच दिवशी गेली तर जाळीतली एक रेष तुटली किंवा गंजली, नाहीतर मदरबोर्डकडे जाणारी चपटी रिबन केबल सैल झाली. केबलच असेल तर काढून नीट बसवली की काम होतं, एक पैसा लागत नाही. तुमची तीन बटणं शेजारी-शेजारी आहेत आणि मेलेली नाहीत, नुसती जड झालीत. म्हणूनच मला आतून दाब येतोय असं वाटतं.

चहा सांडलेला नाही असं तुम्ही लिहिलंय, ते बरंच. सांडलाच कधी, तर पॉवर बटण दाबून ठेवून लगेच बंद करा, चार्जर काढा आणि उघडा लॅपटॉप तंबूसारखा उपडा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. दुधा-साखरेचा चिकटा तांदूळ कसा शोषणार?

दुकानदार लुबाडतोय असं मात्र लगेच म्हणू नका. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड स्क्रूने नाही, तर प्लास्टिकचे ठिपके वितळवून वरच्या पॅनेलला पक्का केलेला असतो. त्यामुळे कीबोर्ड बदला म्हणजे बऱ्याचदा अख्खं पॅनेल बदला, आणि खर्च तिथे वाढतो. त्याला एवढंच सांगा, ‘आधी खालचं झाकण माझ्यासमोर उघडा’. बॅटरी फुगलेली निघाली तर ती काढून, मॉडेल चालू देत असेल तर दोन दिवस नुसत्या ॲडॅप्टरवर लॅपटॉप वापरा. स्पेस सुधारली तर फक्त बॅटरी घ्या. नाहीच सुधारली तर मग कीबोर्डची ऑर्डर द्या, मॉडेल नंबर तळाच्या स्टिकरवरून बघून.