पीक विमा भरा, पण पॉलिसीचा हप्ता व्याजाने पैसे काढून भरू नका

वाचकाचा प्रश्न (जुलै 2025): वाशी तालुक्यात (जि. धाराशिव) वडिलांची चार एकर कोरडवाहू आहे, सगळं सोयाबीन. मी चाकणला कंपनीत, हातात 24 हजार येतात. एक रुपयातला पीक विमा बंद झाला, यंदा हेक्टरी 1,160 प्रमाणे 1,850 च्या आसपास भरायचेत. पाऊस गेला तर दोनेक लाख मिळतील का, की पैसे पाण्यात? माझी आयुर्विम्याची 15 वर्षांची एक पॉलिसी पण आहे, मामेभावाने 2022 ला काढून दिली, दुष्काळात घराला आधार म्हणून, वर्षाला 48 हजार. मागचे दोन हप्ते गावातून शेकडा तीनने पैसे घेऊन भरले, ते लाखभर देणं आहे, व्याज महिन्याच्या महिन्याला देतो. चौथ्याचा ग्रेस पीरियड (हप्ता भरायची वाढीव मुदत) याच आठवड्यात संपतोय, त्याचीही तशीच सोय केलीये.

उत्तर: पीक विमा भरा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. तुम्ही भरताय ते फक्त 2 टक्के, खरा प्रीमियम त्याहून बराच जास्त असतो आणि वरचा भाग केंद्र आणि राज्य भरतं. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असू द्या, ई-पीक पाहणी (मोबाइलवर पिकाची नोंद) करा, आणि अर्ज भरून देणाऱ्या सीएससी केंद्रवाल्याला अर्जामागे 40 रुपये विमा कंपनीकडून मिळतात, तेव्हा त्याला वरचे शे-दोनशे देऊ नका.

पण दोन लाख डोक्यातून काढा. चार एकर म्हणजे 1.6 हेक्टर, हेक्टरी संरक्षण 58 हजार, म्हणजे अख्खं पीक गेलं तरी वरची मर्यादा 93 हजारच. आणि हिशोब तुमच्या शेताचा होत नाही, महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या अनेक गावांचा मिळून होतो. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी काढतात, तिच्या 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा ते हेक्टरी 1,000 किलो आहे आणि पीक कापणी प्रयोगात (नमुन्याची शेतं कापून उत्पन्न मोजतात) मंडळाची सरासरी 600 आली, तर तूट 40 टक्के, तुम्हाला साधारण 37 हजार. पण वडिलांचं शेत करपलं आणि मंडळाची सरासरी 1,000 च्या वर राहिली तर काहीच नाही. 2023 ला ऑगस्ट कोरडा गेला, तुमचा वाशी दुष्काळी 40 तालुक्यांत होता, तेव्हा मराठवाड्यात बऱ्याच मंडळांना 25 टक्के अग्रिम, म्हणजे हंगाम संपायच्या आधीच भरपाईतला काही भाग मिळाला, ती सोय राज्याने 2025 च्या खरिपापासून काढून टाकलीये. आता सगळं मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर, म्हणजे पैसे आले तरी रब्बीची पेरणी उरकल्यावर. ऑक्टोबरला बियाण्याला पैसे लागतात तेव्हा हा विमा उपयोगाचा नाही, हे धरूनच चाला.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. लाखावर 36 हजार नुसतं व्याज, वर 48 हजार हप्ता, म्हणजे 24 हजार पगारावर महिन्याला 7 हजारांचा बोजा पडतोय आणि मुद्दल उलट वाढतंय. कशासाठी, तर अशा पॉलिसीसाठी जी शेवटपर्यंत भरली तरी पाच-साडेपाच टक्क्यांच्या वर सहसा देत नाही. 36 ने पैसे काढून 5 ने गुंतवताय! आणि ती दुष्काळातला आधार अजिबात नाहीये, ती पैसे देते माणूस गेला तर किंवा मुदत संपली तर, पाऊस पडला नाही म्हणून एक रुपया देत नाही. कोरडवाहूवर जगणाऱ्या घराला, ऐन पेरणीच्या जूनमध्ये 48 हजाराचा हप्ता बांधून देणं हे चुकीचं विकणंच आहे, मग विकणारा नात्यातला असला तरी. मला याचा फार राग येतो, कारण अशा घरांकडेच चूक निस्तरायला पैसे नसतात.

चौथ्या हप्त्यासाठी पैसे उचलू नका. शब्द दिला असेल तर आजच फोन करून नको म्हणा. शाखेत जाऊन सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर किती परत मिळेल ते, लेखी मागा. तीन हप्ते भरलेत, 1 लाख 44 हजार, आणि चौथं वर्ष लागलंय, तेव्हा त्याच्या 50 टक्के म्हणजे 70 हजाराच्या आसपास हातात यायला हवेत. 74 हजार गेले हे खूप दुखेल, घरात यावरून वादही होईल, "पेड-अप करून ठेव, बुडत तर नाही" (म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू) असंही कुणी सांगेल. पण तेच 70 हजार आज सावकाराला दिले तर वर्षाचं 25 हजार व्याज वाचतं, आणि पेड-अप केलं तर पैसे 2037 पर्यंत अडकून राहतात. उरलेल्या 30 हजारांवर महिन्याला 7 हजार लावा, पाचेक महिन्यांत मोकळे व्हाल. तोवर दुसरी कुठलीही गुंतवणूक नको, एसआयपी पण नको.

आणि वडील पीक कर्ज का घेत नाहीत? बँक चकरा मारायला लावते हे खरंय, पण तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर राज्यात शून्य टक्के पडतं, आणि दोन लाखांपर्यंत तारणही मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम जानेवारी 2025 पासून आहे. सातबारा घेऊन एक दिवस सुट्टी काढून तुम्ही स्वतः वडिलांबरोबर जा. पेरणीचा खर्च त्यातून करा, फक्त फेडीची तारीख चुकवू नका. सावकाराकडे परवाना आहे का तेही बघा, शेतकऱ्याला शेकडा तीन लावणं कायद्यात बसत नाही, फार अडवलं तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

देणं फिटलं की पहिले 25-30 हजार आरडीने साठवा, ते रब्बीच्या बियाण्याचे, त्याला दुसऱ्या कशासाठी हात नाही. तुमच्यामागे आई-वडील आहेत, तेव्हा 50 लाखांचा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा) घ्या, तरुण वयात साधारण वर्षाला आठ-नऊ हजारांत बसतो. पॉलिसी सरेंडर करायच्या आधी तो सुरू झालेला असला तर उत्तम, पण ग्रेस पीरियड संपतोय म्हणून त्या भीतीने चौथा हप्ता मात्र भरू नका.