देवाच्या परीक्षेत नापास होता येतं का?

प्रिय बाळा,

परवा आजीचा फोन चालू असताना तू मध्येच विचारलंस, "आजी दुखण्याला परीक्षा का म्हणते? आणि देवाच्या परीक्षेत नापास झालं तर?" मी "गृहपाठ झाला का?" म्हणून विषय टाळला. खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नव्हतं.

आधी शब्दाचं बघू. संकट आलं की मराठीत पटकन म्हणतात, "भोग आहेत, भोगायचे." आजीच्या तोंडी हा शब्द कधी येत नाही. भोग म्हटलं की मागचं काहीतरी फेडणं आलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. मला त्या उत्तरात फार मोठी सुटका वाटते.

आजीची 'परीक्षा' येते ती बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातून. पण ऐकल्याबरोबर तुला मार्क आणि निकाल आठवणार, त्यापेक्षा 'कसोटी' हा शब्द जास्त जवळचा. कसोटी म्हणजे सोनार ज्यावर सोनं घासून बघतो तो काळा दगड. दगडाला सोन्याशी वैर नसतं. याकोब तर म्हणतो, परीक्षांना तोंड द्यावं लागलं तर आनंदच माना, कारण त्यातून धीर येतो. 'माना' म्हणतो तो, 'वाटेल' म्हणत नाही. या एका क्रियापदावर मी बरीच वर्षं अडखळले.

बाबांची नोकरी गेली त्या वर्षी तू लहान होतास. मला आनंद वाटला नाही, उगाच खोटं कशाला सांगू? चर्चमध्ये सगळे गात असताना मी नुसते ओठ हलवायचे. एका रात्री प्रार्थनेला बसले आणि देवावर सरळ चिडले. जे तोंडाला आलं ते बोलले. उठले तेव्हा परिस्थिती तीच होती, पण मला हलकं वाटत होतं. कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोलले होते. नंतर 88वं स्तोत्र वाचलं. ते तक्रारीने भरलेलं आहे आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. तेव्हा कळलं, 'आनंद माना' म्हणजे हसरा चेहरा करून बसा असं नाही.

येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, हे तुला रविवारच्या शाळेत शिकवलंय. जखमांचं बहुतेक कोणी सांगितलं नसेल. फटके खाऊन पाठी सोललेल्या, पाय खोड्यात. गाण्याने जखमा भरल्या नाहीत. त्या नंतर तुरुंगाच्या अधिकाऱ्याने धुतल्या.

आजी या विषयावर पंडिता रमाबाईंचं नाव काढतेच. दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. त्यांनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल 1924 मध्ये निघालं, त्याआधी दोन वर्षं त्या वारल्या होत्या. एवढ्या दुःखांना दुसऱ्या कोणी बाहेरून 'परीक्षा' म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं. तो शब्द ज्याचं दुखतं त्याने स्वतःपुरता वापरावा. मित्र रडत असेल तर त्याला तो ऐकवू नकोस, नुसता शेजारी बस.

आता नापास होण्याचं. होता येतं. येशूचा शिष्य पेत्र झाला, तोही तीनदा. येशूला पकडून नेलं त्या रात्री अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा राहून म्हणाला, मी येशूला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर येशू त्याला सरोवराच्या काठी भेटला, आणि तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला होता. येशूने रागाने जाब विचारला नाही. आधी न्याहारी दिली, मग तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?" जेवढ्या वेळा नाकारलं, तेवढ्याच वेळा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलंय, म्हणजे ही फेरपरीक्षाही सोपी नव्हती. पण पेपर काढणारा स्वतः शेजारी बसला होता.

रविवारी आजीचा फोन येईल तेव्हा तिलाच विचार, ती कधी नापास झाली होती का. मी आजवर विचारलेलं नाही.

तुझी,
आई