पन्नाशीनंतर धावायला लागताय? आधी पोटरी सांभाळा
दमसास लवकर वाढतो, पण टाचेमागची शीर (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड पट्टा, रक्तवाहिनी नव्हे) तयार व्हायला महिने लागतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ वाटून वेग वाढवला की नेमकी तिथेच दुखापत होते.

१ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा. आठवड्यातून तीनदाच, एक दिवसाआड. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धावत नसाल त्या दिवशी कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा, दोन्ही पायांनी वर जा आणि एकाच पायावर ३ सेकंदांत टाच सावकाश खाली न्या. प्रत्येक पायाने १२ वेळा. कंटाळवाणं आहे, तरी महागड्या बुटांपेक्षा मला याचाच भरवसा वाटतो. सकाळी पहिल्या पावलांना टाच आखडलेली वाटली तर त्या दिवशी फक्त चाला. छातीत दाब आला किंवा चक्कर आली तर मात्र तिथेच थांबा, डॉक्टरांना गाठा.