सरकारं दर चार-पाच वर्षांनी बदलतात, मग वीस वर्षांचं अंतराळ धोरण आखतात तरी कसं?

आधी कायद्याचा पाया घालतात, मग आराखडा. जपानचं उदाहरण मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. तिथे २००८ मध्ये अंतराळ मूलभूत कायदा झाला आणि खुद्द पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली धोरण मुख्यालय स्थापन झालं. ते मूलभूत आराखडा ठरवतं. पण खरा जीव आहे त्याला जोडलेल्या तक्त्यात. एका बाजूला उपग्रह, रॉकेटं, संशोधन मोहिमा आणि समोर पुढच्या वर्षांचे रकाने. जुना उपग्रह थकण्याआधी नवा कधी जायला हवा, हे त्यावरून लगेच कळतं. हा तक्ता दरवर्षी सुधारतात, म्हणून धोरण शिळं होत नाही.

निधीची शाश्वती मात्र वेगळी मिळवावी लागते, आणि माझ्या मते बहुतेक आराखडे इथेच अडतात. युरोपीय अंतराळ संस्थेत सदस्य देशांचे मंत्री साधारण दर तीन वर्षांनी बसून पैसे ठरवतात. बाकीच्या बऱ्याच कार्यक्रमांत सहभाग ऐच्छिक, पण विज्ञान कार्यक्रमाची वर्गणी सर्वांना सक्तीची. त्याच कार्यक्रमातली रोझेटा मोहीम १९९३ मध्ये मंजूर झाली, २००४ मध्ये उडाली आणि २०१४ मध्ये धूमकेतूपाशी पोचली. मधल्या २१ वर्षांत किती मंत्री आले नि गेले असतील!